काठी कोणत्या हातात?

संध्याकाळी दादरच्या शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसून इतर काही न पाहता नुसत्या काठ्या पाहाव्यात. उजव्या पायाने लंगडणारा माणूस काठीही बहुधा उजव्याच हातात धरून चाललेला दिसतो. दुखतंय तिथेच टेकू हवा, हे त्याला इतकं उघड वाटतं की कुणाला विचारायचा प्रश्नच येत नाही. पुढे कधीतरी तो फिजिओथेरपिस्टकडे जातो. तिथे पहिल्या पाच मिनिटांत काठी उजव्या हातातून काढून डाव्या हातात दिली जाते. तो गोंधळतो, थोडा रागावतो, कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या मारतो. लंगडणं कमी झाल्याचं आधी बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोला दिसतं, त्याला नंतर.

यात जादू काही नाही, हिशेब आहे. चालताना प्रत्येक पावलाला काही क्षण आपण एकाच पायावर उभे असतो. उजव्या पायावर भार आला की धडाचं सगळं वजन उजव्या खुब्याच्या डावीकडे लोंबतं. कंबर त्या बाजूला कलंडू नये म्हणून उजव्या खुब्याच्या बाहेरच्या अंगाचा एक पंख्यासारखा स्नायू कंबरेचं हाड खाली खेचून धरतो. पॅन्टच्या बाजूच्या शिवणीवर, खिशाच्या जरा वर तळहात ठेवून दुसऱ्या बाजूचा पाय उचलला तर तो टणक झालेला हाताला लागतो. ग्लुटियस मिडियस त्याचं नाव. वजन सांध्यापासून लांब आणि हा स्नायू सांध्याच्या जवळ, त्यामुळे तोल सांभाळायला त्याला वजनाच्या जवळजवळ दुप्पट जोर लावावा लागतो. हा जोर आणि वजन, दोन्ही मिळून पडतात खुब्याच्या सांध्यावर. डाव्या हातातली काठी सांध्यापासून चांगली लांब टेकते, म्हणून तिच्यावर थोडा दाब दिला तरी स्नायूचं बरंच ओझं उतरतं.

हे नुसतं कागदावरचं गणित राहिलेलं नाही. बर्लिनमध्ये गेऑर्ग बेर्गमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सांधेबदलाच्या कृत्रिम खुब्यातच मोजणारी यंत्रणा बसवली आणि ती माणसं चालता-फिरताना, जिने चढता-उतरताना सांध्यावर किती भार येतो हे बाहेरून टिपलं. साध्या चालण्यात तो शरीराच्या वजनाच्या अडीचपटीच्या आसपास भरला. म्हणजे साठ किलोच्या बाईंच्या खुब्यावर प्रत्येक पावलाला दीडशे किलो! आणि अडखळून तोल सावरताना? सात-आठपट. मिलवॉकीचे अस्थिशल्यचिकित्सक वॉल्टर ब्लाउंट यांनी तर १९५६ सालीच शल्यचिकित्सकांच्या नियतकालिकात काठीची जोरदार बाजू घेतली होती. तरीही आपल्याकडे काठी म्हणजे म्हातारपणाची कबुली. लोक ती टाळत राहतात आणि शेवटी वॉकरवर येतात.

काठी घ्यायचीच तर मापाची घ्यावी. हात सरळ सोडून उभं राहिलं की मूठ मनगटाच्या रेघेपाशी यायला हवी. आणि टोकाचं रबरी बूच झिजलं की बदलावं. ते मिळतं स्वस्त आणि त्याच्यावाचून ओल्या फरशीवरून घसरणं पडतं महाग.

त्या पंख्यासारख्या स्नायूची परीक्षा घरच्या घरी घेता येते. आरशासमोर, हाताशी टेबल ठेवून, एका पायावर उभं राहायचं. उचललेल्या पायाच्या बाजूची कंबर खाली झुकली, तर ज्या पायावर उभे आहोत त्या बाजूचा स्नायू कमी पडतोय. जर्मन शल्यचिकित्सक फ्रीड्रिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी हे १८९५ साली नोंदवलं आणि जगभरच्या ओपीडीत आजही ही चाचणी त्यांच्याच नावाने होते. तिला ना यंत्र लागतं, ना रिपोर्टची वाट पाहावी लागते.

आपल्याकडे फिजिओथेरपीला जाणारा माणूस ‘शेकायला जातोय’ म्हणतो. पलंगावर पडायचं, पॅड लावून घ्यायचे, पडद्यापलीकडून घंटी वाजली की उठायचं. डायथर्मी, आयएफटी, अल्ट्रासाउंड ही नावं एव्हाना पेन्शनरांच्या गप्पांत रुळली आहेत. शेकल्याने बरं वाटतं, यात शंका नाही. पण ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंत उतरतं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२२ साली सांधेझिजेच्या उपचारांची नवी मार्गदर्शिका काढली, तिच्यात असल्या विद्युत-उपचारांना पुरेसा पुरावा नाही म्हणून ते देऊ नका असं स्पष्ट म्हटलं आणि व्यायाम मात्र प्रत्येक रुग्णाला सांगा असं बजावलं. आपल्या फिजिओंना हे ठाऊक नाही असं नाही. पण ज्या दिवशी मशीन न लावता नुसते व्यायाम करून घेतले, त्या दिवशी पेशंट पैसे देताना कुरकुरतो, हेही त्यांना ठाऊक आहे.

गंमत अशी की मुळात ही विद्या पडून राहण्याच्या विरोधातच वाढली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पोलिओ झालेल्या मुलांचे पाय फळ्या आणि प्लास्टर लावून महिनोन्‌महिने जखडून ठेवत. ऑस्ट्रेलियातल्या एलिझाबेथ केनी या बाईंनी ते मानलं नाही. त्यांच्याकडे परिचारिकेची रीतसर पदवी नव्हती. पहिल्या महायुद्धात सैन्याच्या जहाजांवर काम केल्यामुळे ‘सिस्टर’ हा हुद्दा मात्र मिळाला होता. गरम पाण्यातून पिळून काढलेल्या लोकरी कापडाने आखडलेले स्नायू शेकायचे आणि लगेच ते हलवायला, वापरायला शिकवायचं, ही त्यांची पद्धत. क्वीन्सलँडमधल्या चौकशी आयोगाने १९३८ साली तिच्याविरुद्ध अहवाल दिला. चार वर्षांनी अमेरिकेत मिनिआपोलिसला त्यांच्या नावाची संस्था उभी राहिली. थोडक्यात, केनीबाईसुद्धा शेकतच होत्या, पण शेक ही त्यांची सुरुवात होती. आपण तिथेच थांबलो.

मुंबईची कथाही पोलिओपासूनच सुरू होते. फातिमा इस्माईल यांच्या मुलीला पोलिओ झाला आणि तिच्यासाठी उपचार शोधताना आपल्या शहरात अशा मुलांसाठी काहीच सोय नाही हे त्यांच्या ध्यानात आलं. १९४७ साली त्यांनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांसाठी दवाखाना सुरू केला. त्यातूनच पुढे हाजीअलीचं मुलांचं अस्थिरुग्णालय उभं राहिलं आणि १९५८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पाठोपाठ, १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला, परळच्या केईएम रुग्णालयात भारत सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि मुंबई महापालिका यांनी मिळून देशातलं पहिलं फिजिओथेरपीचं विद्यालय काढलं. २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. ज्या आजारासाठी ही सगळी यंत्रणा उभी राहिली तो गेला, पण विभागातली गर्दी हटली नाही. आता तिथे लहान मुलांपेक्षा आजी-आजोबाच जास्त दिसतात.

या आजी-आजोबांच्या घरात डोकावलं तर तिथे एक वेगळाच घात चाललेला असतो, तोही मायेपोटी. ‘आई, तुम्ही उठू नका, मी देते पाणी.’ ‘बाबा, जिना कशाला उतरता, भाजी मी आणतो की.’ औषधांचा डबा पलंगाशी, टीव्हीचा रिमोट उशाशी, चहा हातात. सून गुणी, मुलगा आज्ञाधारक, आणि दिवसाकाठी खुर्चीतून उठण्याच्या खेपा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. शेजारीपाजारी कौतुक करतात. पायांचं नुकसान कुणाला दिसत नाही, कारण ते साडीच्या आणि पायजम्याच्या आत होतं.

हे नुकसान किती वेगाने होतं, याचं मोजमाप झालेलं आहे. अमेरिकेत धडधाकट, वयस्क स्वयंसेवकांना दहा दिवस पलंगावर झोपवून ठेवलं. २००७ मध्ये त्याचे आकडे प्रसिद्ध झाले, तेव्हा प्रत्येकाच्या पायांमधून सरासरी जवळजवळ एक किलो स्नायू आटलेला आढळला. तेही ना ताप, ना शस्त्रक्रिया, ना उपासमार असताना. मलेरियाने किंवा न्यूमोनियाने पंधरा दिवस अंथरूण धरलेल्या आजोबांना ‘आता अशक्तपणा आलाय, आराम करा’ म्हणणारे आपण त्यांना नेमकं कोणतं औषध देत असतो, याचा विचार व्हायला हवा.

याची दुसरी बाजू जास्त थक्क करणारी आहे. १९९० साली बॉस्टनच्या एका वृद्धरुग्णालयात मारिया फियातारोने आणि सहकाऱ्यांनी नव्वदीच्या घरातल्या दहा खंगलेल्या माणसांकडून आठ आठवडे पायांचे वजनाचे व्यायाम करून घेतले. हलके हातवारे नव्हेत. मांडीला खरोखर जोर लावावा लागेल असं वजन. नऊ जणांनी ते पूर्ण केलं. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, चालण्याचा वेग सुधारला. नव्वदाव्या वर्षी! ‘आता या वयात काय व्यायाम’ हे वाक्य ज्यांच्या तोंडी साठीतच येतं, त्यांनी हा आकडा भिंतीवर लिहून ठेवायला हरकत नाही.

गुडघ्याबद्दल तर आपल्याकडे प्रत्येक जण तज्ज्ञ असतो. ‘वंगण संपलंय’, ‘गॅप कमी झालीय’, ‘वाटी घासलीय’. एक्स-रेतली फट पाहून माणूस इतका घाबरतो की जिना चढणं सोडतो, मग चालणं, मग देवळात जाणं. मांडीचा पुढचा स्नायू दुबळा होतो आणि ज्याने गुडघ्याला सांभाळायचं तोच रजेवर गेल्याने गुडघा आणखी दुखतो. ह्यूस्टनला ब्रूस मोझ्ली यांनी केलेला प्रयोग या संदर्भात प्रसिद्ध आहे. झिजलेल्या गुडघ्यांच्या १८० रुग्णांपैकी काहींवर त्यांनी दुर्बिणीची खरी शस्त्रक्रिया केली आणि काहींना फक्त कातडीवर छेद देऊन टाके घातले. कुणाला काय झालं हे रुग्णांना सांगितलं नाही. २००२ साली निष्कर्ष आला: दोन वर्षांत कोणत्याही टप्प्यावर खऱ्या शस्त्रक्रियेचे रुग्ण खोट्या शस्त्रक्रियेच्या रुग्णांपेक्षा सरस नव्हते. दुसरीकडे डेन्मार्कमध्ये २०१३ पासून गुडघे-खुबे दुखणाऱ्यांसाठी देशभर एक साधा वर्ग चालतो. आधी दुखण्याची माहिती द्यायची, मग आठवड्यातून दोनदा, सहा आठवडे, देखरेखीखाली व्यायाम. बहुतेक व्यायाम पाय जमिनीवर ठेवून, स्वतःचं वजन पेलत करायचे: खुर्चीतून उठणं-बसणं, पायरी चढणं, एका पायावर तोल सांभाळणं.

खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, हे शेवटी काय आहे? अर्धी बैठक. कोल्हापूरच्या तालमीत लाल मातीवर पहाटे जोर-बैठकांचा घाम गाळणाऱ्या पोराला डेन्मार्कला जायची गरज नाही. त्याच्या आजीने मात्र जमिनीवर बसणं, उकिडवं बसून भाजी निवडणं, देवापुढे वाकणं सोडून पंधरा वर्षं झाली असतात. गुडघा खरोखरच झिजला असेल तर तिला पुन्हा उकिडवं बसायला लावू नये, हे खरंच. पण उंच खुर्चीवरून सुरुवात करून, मग गादी काढून, मग जरा बुटक्या खुर्चीवर, असं तिला खाली आणता येतं. वजन उतरलं तर त्याचाही हिशेब सुखावणारा आहे: शरीराचं एक किलो कमी झालं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोने हलका होतो.

सांधेबदल झाल्यावरची गोष्ट वेगळी. जॉन चार्नली यांनी इंग्लंडमधल्या रायटिंग्टनच्या रुग्णालयात १९६२ साली पॉलिथिलीनची वाटी वापरून खुबा बदलण्याची पद्धत बसवली, तेव्हा रुग्ण दीर्घकाळ पलंगावर असत. आता त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उभं करतात. घरचे हादरतात, ‘कालच तर ऑपरेशन झालं!’ आणि घरी आल्यावर सगळ्यात मोठा गोंधळ घालते ती उशी. नवा गुडघा ठणकतो, खाली उशी ठेवली की बरं वाटतं, म्हणून कोणीतरी प्रेमाने ठेवतं. गुडघा अर्धवट वाकलेल्या स्थितीत तासन्‌तास राहतो आणि तसाच आखडू लागतो. फिजिओ घरी आली की आधी ती उशी काढते आणि टाचेखाली गुंडाळलेला टॉवेल सरकवते, म्हणजे गुडघा अधांतरी राहून सरळ होतो. ‘किती वाकला?’ असं सगळे विचारतात. ‘पूर्ण सरळ होतो का?’ हे कुणी विचारत नाही, आणि चालीतला लंगडेपणा तर तिथेच असतो.

शिवाय सूज. गुडघ्यात पाणी भरलं की शरीर आपणहून मांडीच्या स्नायूला आवळायची आज्ञा कमी करतं. पेशंट जोर लावतो आणि पाय उचलतच नाही. ते मनाचं दुबळेपण नव्हे. बर्फाचा शेक, पाय उंच ठेवणं आणि पाय सरळ ठेवून मांडी आवळण्याचा कंटाळवाणा व्यायाम दिवसातून अनेकदा, यानेच ते सुटतं.

व्यायामाचं एवढं गुणगान केल्यावर एक लगाम घालायलाच हवा. प्रत्येक दुखण्यावर व्यायाम हे उत्तर नसतं. खुब्याचं दुखणं अनेकदा जांघेत जाणवतं आणि काही वेळा थेट गुडघ्यातच. गुडघ्याचा एक्स-रे नितळ येतो आणि दोष खुब्यात असतो. तरुण माणसाची जांघ सतत दुखत असेल, आणि त्याने बराच काळ स्टेरॉइड घेतलेलं असेल किंवा दारूचं प्रमाण जास्त असेल, तर खुब्याच्या चेंडूचा रक्तपुरवठा तुटून हाड मरत चाललेलं असू शकतं. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी कोविडमधून उठलेल्या रुग्णांमध्ये असे खुबे नोंदवले. नंदुरबार, गडचिरोली आणि नागपूरच्या पट्ट्यात सिकलसेल आहे आणि त्या आजारातही हाच खुबा आधी जातो. तिथल्या विशीतल्या मुलाच्या लंगडण्याला ‘खेळताना मुरगळलं असेल’ म्हणून तेल चोळत बसू नये. सुरुवातीच्या टप्प्यात साध्या एक्स-रेत हे दिसत नाही, एमआरआय लागतो. तसंच, शस्त्रक्रियेनंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर मालिश अजिबात करू नये, आधी डॉक्टर गाठावा. रक्ताची गुठळी असू शकते.

प्रतिबंधाची सुरुवात तर पाळण्यातच होते, आणि याबाबत आपल्या आयांची निम्मी पद्धत उत्तम, निम्मी धोक्याची आहे. बाळाचे पाय सरळ ताणून दुपट्यात घट्ट बांधले की खुबा वाटीत नीट बसत नाही. जपानने १९७० च्या दशकात अशी बांधाबांध थांबवायची मोहीम काढली आणि जन्मतः खुबा निखळण्याचं प्रमाण झपाट्याने खाली आलं. उलट दोन्हीकडे पाय टाकून बाळाला कडेवर घेणं खुब्याला पोषकच. दुपटं गुंडाळायचंच असेल तर कंबरेखाली ढगळ असावं, पाय बेडकासारखे दुमडता आले पाहिजेत.

दुसरं टोक म्हणजे पडणं. सत्तरीनंतर न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचं हाड मोडतं आणि घराचं सगळं वेळापत्रकच बदलतं. घरात कठडे बसवणं, पायपुसणी चिकटवणं हे केलंच पाहिजे, पण पडणाऱ्याला सावरतात ते शेवटी त्याचेच पाय. न्यूझीलंडच्या ओटॅगो विद्यापीठात जॉन कॅम्बेल आणि क्लेअर रॉबर्टसन यांनी घरी करायच्या पायांच्या आणि तोलाच्या व्यायामांचा कार्यक्रम आखला. घोट्याला छोटी वजनं बांधून पाय उचलणं, टाचेला बोटं लावत एका रेषेत चालणं, मागे चालणं, जोडीला फेरफटका. त्यांच्या प्रयोगांमध्ये पडण्याचं प्रमाण ३५ टक्क्यांनी घटलं आणि फायदा सर्वांत जास्त झाला तो ऐंशीपुढच्यांना. व्यायाम मधेच सोडणाऱ्यांसाठी मात्र यात काही नाही. आपले बहुतेक पेशंट तर दुखणं निम्मं झालं की सिटिंग बंद करतात, आणि विमा बाह्यरुग्ण फिजिओथेरपीचा खर्च सहसा देत नाही, हेही त्यामागचं एक खरं कारण आहे.

तेव्हा हे वाचून झाल्यावर घरातल्या साठीपुढच्या प्रत्येकाची एक चाचणी घ्या. हात नसलेली, साधारण दीड फूट उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीशी दुमडून, तीस सेकंदांत पूर्ण उभं राहून किती वेळा बसता येतं ते मोजा. तुम्ही शेजारी उभे राहा. साठ ते चौसष्ट वयात बाईंच्या १२ पेक्षा कमी आणि पुरुषाच्या १४ पेक्षा कमी उठाबशा झाल्या, किंवा पंच्याहत्तरीत बाईंच्या १० आणि पुरुषाच्या ११ पेक्षा कमी झाल्या, तर पडण्याचा धोका सरासरीपेक्षा जास्त आहे असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था मानते. एकदाही हात न टेकता उठता आलं नाही तर आकडा शून्य लिहा आणि त्याच आठवड्यात फिजिओथेरपिस्टची वेळ घ्या. शेकण्यासाठी नव्हे, व्यायाम लिहून घेण्यासाठी. आणि तोवर आजींना त्यांचं पाणी त्यांचं त्यांना उठून घेऊ द्या.